हजेरीची पहिली ओळ

मूर्तिजापूर मागे पडलं आणि अंकुरचा तिसरा फोन आला.

"कुठवर पोचली?"

"बस आहे अंकुर, विमान नाही."

"बारा वाजता कारखाना निरीक्षक मॅडम येऊन राहिल्या. त्याच्या आधी डब्यात नवा प्रोग्राम टाकून ठेव. जुनं सगळं पुसून टाक, कोरं करकरीत पायजे. अन् रिपोर्टवर सही कर, तुह्या बॅगेत ठेवला."

ठेवला होता खरा. एक पान, दोन वाक्यं: 'नियंत्रकात कोणताही दोष आढळला नाही. थांबवण्याचे बटण चालकाने वेळेत दाबले नाही.' अपघातानंतर मशीन मी अजून डोळ्यांनी पाहिली नव्हती आणि निकाल टाइप होऊन आला होता. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, पण वरात निघायच्या आधीच जेवणावळ उठलेली मी पहिल्यांदा पाहत होते. तरी सही करायला मला त्या वेळी काही वाटत नव्हतं, हेही सांगून टाकते. प्रोग्राम माझा होता आणि माझा त्याच्यावर विश्वास होता.

मी नीलम तायडे, मूळची पातूरची. अंकुर माझा कॉलेजातला वर्गमित्र आणि आता मालक. अमरावतीच्या एमआयडीसीत आमची बारा जणांची कंपनी आहे. जिनिंग-प्रेसिंगच्या मिलांना लागणारे नियंत्रक आम्ही बनवतो. मिलवाले त्याला सरळ 'डबा' म्हणतात. सरकी निघालेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. वरचा दट्ट्या खाली कधी यायचा आणि कधी थांबायचा, ते डबा सांगतो. डब्याच्या आत सी भाषेतला प्रोग्राम असतो, आणि चौदा वर्षं तो मी लिहिते. त्याला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. हे कंपनीत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी ठेवत नाही.

एकोणीस दिवसांपूर्वी बाळापूरच्या अलीकडच्या एका मिलमध्ये शकुन नावाच्या बाईचा उजवा हात प्रेसखाली आला. चार बोटं गेली. ती गाठीला लोखंडी पट्ट्या आवळायचं काम करायची. पट्टी अडकली की ती "थांब" म्हणून ओरडायची, प्रेस चालवणारा देवमन हाताजवळचं लाल बटण दाबायचा, दट्ट्या जागच्या जागी थांबायचा आणि ती हात घालून पट्टी सरळ करायची. नियमात हे बसत नाही. पण नऊ वर्षं, दिवसातून वीसदा, दोघांचं हे असंच चालत होतं. त्या दिवशी ती ओरडली, तिने हात घातला, आणि दट्ट्या थांबला नाही. देवमन म्हणत होता, मी बटण दाबलं. बाकी सगळे म्हणत होते, नाही दाबलं. आज त्याचा निकाल लागायचा होता.

अकोल्याला बस बदलून मी दहा वाजता मिलवर उतरले. फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली देवमन बसला होता. कामावरून काढलेला माणूस, तरी रोज ड्यूटीच्या वेळेला येऊन बसायचा म्हणे. पन्नाशीचा, गळ्याला मफलर, दाढी वाढलेली. मला पाहून उठला.

"जय भीम, ताई."

"जय भीम, देवमनभाऊ."

"ताई, तुमी डबा खोलून पाह्यसान ना?"

"त्यासाठीच आले."

"त्याच्यात काई लिवलेलं असते का? म्या बटन दाबलतं ताई. एकदा नाई, चारदा दाबलं. मशीन आयकेच ना."

मशीन ऐकेना, हे वाक्य मी चौदा वर्षांत पाचशे वेळा ऐकलं आहे. दर वेळी मशीन बरोबर निघते आणि माणूस पेंगलेला किंवा मोबाइलवर असतो. मी मान हलवली आणि बॅग सावरून पुढे निघाले. तो बरोबर चार पावलं आला.

"सायबाले काय सांगाचं ते सांगा. नोकरी गेली तं गेली, मी मजुरी करीन. पन शकुनले सांगा. माह्या घरापासून तिसरं घर हाये तिचं. दवाखान्यात भेटाले गेलतो तं तिनं भिंतीकडं तोंड केलं. ती समजते, म्या मुद्दाम ध्यान नाई देल्लं."

"पाहते मी," म्हणाले. पाहते म्हणजे काय, ते त्यालाही कळलं असणार.

प्रेसच्या पंपाचा मोठा स्विच दहा पावलांवर भिंतीवर आहे. अपघाताच्या दिवशी तो खाली ओढला आणि वर पोलिसांनी सील लावलं, तेव्हापासून प्रेस मुकी उभी होती. डब्याची वीज मात्र वेगळ्या लायनीवर. त्याचं झाकण उघडून मी केबल जोडली, लॅपटॉप एका उलट्या टोपल्यावर ठेवला आणि डब्याला त्याची आवृत्ती विचारली. उत्तरात क्रमांक आला, तारीख आली, आणि शेवटी एक एच.

तो एच तिथे असायला नको होता. मी आवृत्ती पुन्हा विचारली. पुन्हा तोच एच.

हा एच काय आहे, ते सांगायला हवं. प्रोग्राम म्हणजे शेकडो लहान लहान कामं, एक काम दुसऱ्याला बोलावतं. कोणतं काम कोणी किती वेळा बोलावलं आणि वेळ कुठे खर्च झाला, हे शोधायची एक जुनी सोय सी भाषेत आहे. प्रोग्राम बनवताना सांगितलं की प्रत्येक कामाच्या दारात एक हजेरीवाला बसतो. काम सुरू व्हायच्या आधी तो लिहितो, हा आला, याला अमक्याने बोलावलं, आकडा एकने वाढवतो आणि मग आत सोडतो. हा हजेरीवाला लायब्ररीत तयार असावा लागतो. मोठ्या कॉम्प्युटरच्या लायब्ररीत तो असतोच. आम्ही वापरतो त्या टीचभर चिपच्या लायब्ररीत नव्हता, म्हणून मी स्वतः लिहिला. चिपच्या कच्च्या भाषेत, चौतीस ओळी. मला त्या चौतीस ओळींचा इतका गर्व होता की अंकुरच्या लहान मुलीला मी त्या वाचून दाखवल्या होत्या. त्याचं नाव मी ठेवलं 'हजेरी', आणि ज्या प्रोग्राममध्ये ती बसवली असेल त्याला खूण म्हणून एच.

गेल्या सप्टेंबरात या मिलच्या डब्याचा पडदा आकडे उशिरा दाखवत होता. अमरावतीच्या टेबलावर तो दोष काही सापडेना. म्हणून मी हजेरीवाला प्रोग्राम घेऊन आले, इथे दोन दिवस चालवला, कारण सापडलं. आता हंगामाआधी येऊन हजेरी काढायची आणि साधा प्रोग्राम टाकायचा, एवढंच काम उरलं होतं. त्यासाठी मी ज्या दिवशी आले ती खंडेनवमी होती.

मिलमध्ये पाऊल ठेवलं तेव्हा पूजा उरकली होती. प्रेसला झेंडूचे हार, दट्ट्याला हळदीकुंकू, आणि माझ्या डब्याच्या झाकणावरही कुंकवाची पाच बोटं. मिलचे मालक खुशालराव मला पेढा देत म्हणाले, "बाई, आज मशीनले हात लावत नाई आमी. पूजा झाली. उद्या दसऱ्याचा मुहूर्त, मंग पाहू."

दहा मिनिटांचं काम होतं. मी हट्ट करायला हवा होता. आमच्या ऑफिसातल्या दुसऱ्या कोणी केला असता तर तो हट्टच ठरला असता. तायडेंच्या नीलमने पूजेच्या मशीनला हात घातला असता, तर त्याला वेगळं नाव मिळालं असतं, आणि ते नाव बाळापूरपासून पातूरपर्यंत पोचायला संध्याकाळही लागली नसती. माझ्या भांडखोर तोंडाला त्या दिवशी कुलूप लागलं ते यामुळे. देवमनही पूजेपासून लांब, दाराशी उभा होता. त्याने माझं तोंड वाचलं असावं. म्हणाला, "राहू द्या ताई. मी हाओ ना, ध्यान ठेवीन मशीनवर."

दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या लागल्या. खुशालराव फोनवर म्हणाले, "चालून राहिलं ना सगळं? मंग काहून छेडता?" मीही म्हणाले, चालतंय तर राहू दे. आणि सर्व्हिस शीटवर 'हजेरी काढली, साधा प्रोग्राम टाकला' हे मी खंडेनवमीच्या सकाळी बसमध्येच लिहून ठेवलं होतं, सहीसकट. परतीच्या बसमध्ये झोपता यावं म्हणून. ते मी खोडलं नाही. नंतर खरोखर विसरले, की विसरायचं ठरवलं, हे मला आजही सांगता येत नाही.

म्हणजे त्या घडीला डब्यात हजेरी आहे हे जगात एकट्या मलाच माहीत होतं.

हजेरी आहे म्हणून लगेच दोष आहे असं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मग बोटं आपोआप कामाला लागली. माझ्या हजेरीत प्रत्येक आकड्याला लहानशी जागा होती, पासष्ट हजार पाचशे पस्तीसच्या पुढे तो जात नव्हता. कोणताही एक आकडा भरला की सगळं पान चिपच्या कायमच्या स्मृतीत लिहून ठेवायचं आणि नवं पान सुरू करायचं, ही सोय मीच केली होती. लिहिताना चिपला दुसरं काही करता येत नाही, म्हणून तेवढा वेळ बाकी सगळ्यांना गप्प बसवायचं. बटणालासुद्धा.

डबा प्रेस चालवत असतो तोवर दाब मोजायचं काम सेकंदाला शंभर वेळा होतं; लाल बटणाने थांबला की पुन्हा चालू करेपर्यंत मोजणीही थांबते. मी बोटांवर हिशेब केला. पासष्ट हजार भरायला अकरा मिनिटं. टेबलावर मी ही गोष्ट कधी दहा मिनिटांच्या वर चालवलीच नव्हती. इथे सप्टेंबरात पानं भरताना पाहिली तेव्हा मी खूश झाले. पान लिहिताना डबा किती वेळ बहिरा असतो, हा प्रश्न माझ्या गर्विष्ठ डोक्यात आला नाही. आता मोजलं. एक पान लिहायला जवळजवळ दोन सेकंद.

दसऱ्यापासून दर अकरा मिनिटांनी दोन सेकंद माझा डबा कोणाचंही ऐकत नव्हता.

स्मृतीत शेवटची सोळा पानं राहतात. मी ती एकेक करून लॅपटॉपवर उतरवली. अकरा वाजून गेले होते. बाहेर खुशालरावांचा आवाज आला, "बाई, झालं का वं?" मी ओरडले, "व्हायचंय!"

पानावर कामांची नावं येतात ती ज्याने आधी दार ठोठावलं त्या क्रमाने. पंधरा पानांची पहिली ओळ एकच होती, दाब मोजणारं काम. ते साहजिकच होतं, सेकंदाला शंभरदा येणाराच पहिला पोचणार. सोळावं पान अपुरं होतं. लाल बटणाने मशीन थांबली की असेल तेवढं पान लगेच लिहून ठेवायचं, हीही माझीच सोय. अपघाताची तारीख. वेळ अकरा वाजून सतरा मिनिटं, त्रेचाळीस सेकंद. त्याच्या आधीचं भरलेलं पान लिहून संपलं तेही अकरा सतरा त्रेचाळीसलाच.

सोळाव्या पानाची पहिली ओळ होती: थांबवणारं काम. आकडा एक.

मी ती ओळ तीनदा वाचली. डब्याचे कान उघडले त्या क्षणी बटण दारात उभं होतं. दाब मोजणाऱ्याच्याही आधी. म्हणजे ते आधीच दाबलेलं होतं, डबा बहिरा असताना. नंतर कोणी दाबलं असतं तर त्याचं नाव दुसरं, पाचवं, दहावं आलं असतं, पहिलं नाही. देवमनने बटण वेळेवर दाबलं होतं आणि माझ्या चौतीस ओळी तेव्हा त्याला बाहेर उभं करून हजेरीचं पान लिहीत बसल्या होत्या.

मी भ्याले. शकुनच्या हाताचं वाईट नंतर वाटलं, आधी भीती वाटली, आणि तशी वाटल्याची लाज त्याच्याही नंतर. घरच्या कर्जापासून बाबांच्या तोंडापर्यंत सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग फोन वाजला.

"टाकला का प्रोग्राम?"

मी अंकुरला सगळं सांगितलं.

"शीटवर तुही सही हाये नीलम. हजेरी काढली म्हनून."

"माहीत आहे."

"कंपनी म्हनन, आमाले काय मालूम? अन् ते खरंच हाये. मले मालूम नव्हतं. केस तुह्यावर होईन. मी कंपनीसाठी नाई बोलून राहिलो, तुह्यासाठी बोलून राहिलो. तू नवा प्रोग्राम टाक, सगळं पुसल्या जाते. कोनाले समजनार बी नाई. देवमनले मी दुसऱ्या मिलमधी लावून देतो, माही गॅरंटी."

यातला एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून तर मला राग धरता येईना. अंकुर वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं! मी फोन ठेवला. पडद्यावर चौकट उघडली होती: 'जुना प्रोग्राम व सर्व नोंदी पुसल्या जातील. पुढे जायचे?' चौकट मीच उघडली होती. बोट बटणावर होतं. पुसलं, सही केली, दोनची बस धरली की संध्याकाळी घरी. कोणी विचारणार नव्हतं. मी इतकी जवळ गेले होते, हे लपवून काय करू?

मला थांबवलं ते काही मोठ्या विचाराने नाही. सकाळी फाटकात देवमनने 'चारदा' म्हटलं होतं आणि पडद्यावर एक होता, ते डोक्यात टोचत होतं. डबा बहिरा असताना कितीदाही दाबा, कान उघडल्यावर त्याला एकदाच कळतं. खोटं बोलणारा माणूस 'दाबलं' म्हणतो. चारदा म्हणायला ते दाबावं लागतं. खाली येणारा दट्ट्या पाहत, एक, दोन, तीन, चार. मी सकाळी त्याच्या तोंडावर मान हलवून पुढे निघून आले होते.

बाहेर गाडीचं दार वाजलं. मी चौकट बंद केली.

निरीक्षक मॅडम चाळिशीच्या, चष्मा, हातात फाइल, बोलणं मोजकं. त्यांच्या मागून शकुन आली. हाताला कोपरापर्यंत पांढरं बांधलेलं, पदराने झाकायचा प्रयत्न चाललेला. देवमनला आत बोलावलं तशी ती दोन पावलं सरकून दुसऱ्या बाजूला उभी राहिली. खुशालरावांनी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"कंपनीचा रिपोर्ट?" मॅडमनी हात पुढे केला.

"आहे. पण तो खोटा आहे," मी म्हणाले. "डब्यात दोष आहे. तो माझा आहे."

खुशालराव म्हणाले, "अवं काय बोलून राहिली बाई?"

मी सांगायला लागले. पान, अकरा मिनिटं, पहिली ओळ. मॅडम ऐकत होत्या. पण शकुनच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शिकलेल्या बाईने काहीतरी इंग्रजी-मराठी बोलून देवमनला सोडवायचं ठरवलंय, एवढंच तिला दिसत असावं. देवमन आणि मी एकाच समाजाचे, हेही कोणाच्या तरी मनात येणारच होतं. मी बोलणं बंद केलं.

"मॅडम, पंपाचं सील तसंच राहू द्या, दट्ट्या हलणार नाही. डबा तेवढा चालू करते. हा हिरवा दिवा लागला म्हणजे डबा दट्ट्याला 'चल खाली' म्हणतोय. लाल बटण दाबलं की दिवा विझला पाहिजे. देवमनभाऊंना बटणाजवळ उभं करा."

त्यांनी पानं आधी आपल्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि होकार दिला.

देवमन आपल्या जुन्या जागी उभा राहिला. मी डबा चालू केला, हिरवा दिवा लागला. "दाबा." त्याने दाबलं. दिवा तिथल्या तिथे विझला. खुशालराव म्हणाले, "पाहा! बरोबर तं चालून राहिलं." शकुनने मान फिरवली.

"आता अकरा मिनिटं थांबायचं," मी म्हणाले आणि दिवा पुन्हा लावला.

अकरा मिनिटं काय असतात ते मला त्या दिवशी कळलं. लॅपटॉपवर आकडा चढत होता. वीस हजार. तीस हजार. बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरवाल्याने दोनदा हॉर्न दिला. अंकुरचा फोन बॅगेत थरथरत होता. माझा हिशेब चुकला तर? हजेरी नीट वागली आणि दिवा विझला तर देवमन कायमचा बुडाला, आणि बुडवणारी पुन्हा मीच. पन्नास हजार. देवमनचा हात बटणापासून वीतभर वर होता. साठ हजार.

"भाऊ, मी 'आता' म्हटलं की दाबा. त्या दिवशी दाबलं तसं."

चौसष्ट हजार. पासष्ट. पासष्ट पाचशे.

"आता!"

त्याने दाबलं. दिवा तसाच. पुन्हा दाबलं, आता अंगाचा भार टाकून. दिवा तसाच. "अवं थांब नं, थांब!" देवमन ओरडला. तो आमच्यात नव्हताच, तो त्या दिवसात होता. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मग दिवा विझला.

दोन सेकंद. बसमध्ये, ऑफिसात दोन सेकंद काहीच नसतात. तिथे ते संपता संपेनात.

देवमन बटणावर दोन्ही हात ठेवून खाली बसला.

"चारदा दाबलं त्यानं," शकुन म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं. ती मोजत होती.

ती माझ्याजवळ आली. "हा डबा तुमी बनवला?"

"हो."

"एकट्यानं?"

"हो. काढून टाकायला हवा होता तो भाग मी काढला नाही. आणि काढला म्हणून लिहून दिलं."

मॅडमनी माझा जबाब लिहून घेतला. मी काहीही गाळलं नाही. खंडेनवमी, बसमधली शीट, सकाळची चौकट, सगळं सांगितलं. खुशालराव मध्येच म्हणाले, "पूजेचं कशाले लिहिता?" मॅडम लिहीतच राहिल्या. शेवटी कागद माझ्यापुढे आला. मी पेन घेतलं आणि सही करायला वाकले. शकुन टोपल्याशेजारीच उभी होती, माझ्या हाताकडे पाहत.

"मीबी त्याच हातानं करत होती सही," ती म्हणाली. "चौथीपावतर शिकली ना मी."

मला सही करता येईना. अक्षर वाकडं आलं, तारीख चुकली, ती खोडून पुन्हा लिहावी लागली. माफ करा म्हणायचं होतं. ते तोंडातून निघालं तोवर ती वळली होती.

ती देवमनसमोर जाऊन उभी राहिली. तो अजून खालीच बसलेला. तिने डावा हात पुढे केला.

"ऊठ भाऊ. म्या तुह्याकडं पाठ केली. मले वाटलं, तुनं मले आयकलंच नाई."

"आयकलं होतं वं माय," देवमन म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरेना.

दोघं फाटकाकडे चालू लागले. तिची औषधांची पिशवी त्याने घेतली होती. माझ्या बॅगेत फोन पुन्हा वाजला. मी अंकुरला सांगितलं की पुसलं नाही, आणि डब्याची केबल काढायला घेतली.